सगळ्या पोरी एकोणीसच्या

आमच्या गावात सगळ्या पोरी एकोणीस वर्षांच्या असतात. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली तरी एकोणीस, सोळाव्या वर्षी दिवस गेले तरी एकोणीस, सतराव्या वर्षी विहिरीतून बाहेर काढली तरी एकोणीसच. हे वय मी लिहिते. मी म्हणजे नूतन, उपकेंद्राची नर्स. माझं माहेर धुळ्यात देवपूरला, आणि या गावात नोकरीला मला अकरा वर्षं झाली. गाव पांझरेच्या काठी आहे. नाव सांगणार नाही. नाव कळलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं, हे त्या गावात होतं म्हणे, आपल्याकडे नाही. तेवढी सवलत द्यायला मी बसलेली नाही.

पण हे माझ्याबद्दल नाही, भिकुबाईबद्दल आहे. माझा यात भाग आहे आणि तो येईलच, टाळायचा म्हटला तरी येईल.

आमच्या गावात आणि आसपासच्या तीन गावांत बाईमाणूस किंवा लेकरू गेलं की पहिला निरोप भिकुबाईला जातो. शेवटची आंघोळ ती घालते. तिचं वय पासष्टच्या पुढं असेल. अंगानं काडी, दात मिश्रीनं काळे, एक गुडघा वाकडा. एरवी ती लोकांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाते. आंघोळीचे पैसे घेत नाही आणि त्या घरात जेवतही नाही. नवरा निंबा कधीच वारला. राहायला पत्र्याची एक खोली आहे, दारात एक कडुनिंब.

मी दोन-चार वेळा तिच्यासोबत आत थांबले आहे. आधी ती सगळ्या पुरुषांना बाहेर काढते, मग रडणाऱ्या बायकांना बाहेर काढते, मग दार लावते. आणि मग मेलेल्या बाईशी बोलायला लागते. ‘हात उचल माय. आशी कुशीवर व्हय. केस कितला गुतायना तुना, कोनी इंचरं नही का?’ शाळेत जाणाऱ्या पोरीला आई घाईघाईनं आंघोळ घालते, तसं रागावत, चुचकारत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भीती वाटली होती. नंतर वाटलं, या पोरींशी इतकं नीट कुणी जिवंतपणी बोललं असतं तर!

हे काम तिला कुणी शिकवलं नाही. तिची एकुलती एक मुलगी रूपा चौदाव्या वर्षी शिरपूरच्या पलीकडे दिली होती. सोळाव्या वर्षी निरोप आला, ताप आला आणि गेली. भिकुबाई दोन गाड्या बदलून पोचली तेव्हा पोर तिरडीवर बांधलेली होती. नवीन हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, फक्त तोंड उघडं. भिकुबाई म्हणाली, मला तिचं अंग बघू द्या. तिथल्या बायका म्हणाल्या, आंघोळ झाली, आता सोडता येत नाही. ती परत आली. त्याला तीस वर्षं झाली. ‘ताप’ हा शब्द ती आजही तोंडातून काढत नाही. माझ्या उपकेंद्रात कुणाला ताप आला तर ‘आंग गरम शे’ म्हणते.

त्यानंतर गावात कुणाची सून गेली की ती आपणहून जायला लागली. आमच्याकडे रीत अशी की सवाष्ण बाई गेली तर तिचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माहेरचं माणूस लुगडं घेऊन आल्याशिवाय तिला सजवत नाहीत. हल्ली लोक ही रीत गुंडाळून ठेवतात. दुकानातून एक हिरवी साडी आणायची आणि म्हणायचं, हेच माहेरचं समजा. भिकुबाई असली तर हे चालत नाही. मायलेकीची भेट झाल्याशिवाय ती पाण्याचा तांब्या उचलत नाही. लोक तिला हेकट म्हणतात. म्हणोत.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक पथक आलं. वैद्यकीय शिक्षण घेणारी तीन मुलं, हातात टॅब. मुलांचे आणि किशोरवयीनांचे अपघाती आणि हिंसक मृत्यू, त्यामागचे जोखमीचे घटक, असा त्यांचा अभ्यास होता. त्यांचा पुढारी कुंदन नावाचा मुलगा, जळगावचा, गोरागोमटा आणि फार सभ्य. मी माझं रजिस्टर काढून दिलं. अकरा वर्षांत अठराच्या आतले असे मृत्यू तीन. एक मुलगा ट्रॉलीखाली आला, एक नदीच्या डोहात बुडाला, आणि एक मुलगी शेततळ्यात पडली. कुंदनला बरं वाटलेलं दिसलं. तीन म्हणजे फार नाहीत.

भिकुबाई त्या दिवशी गुडघ्याचं औषध घ्यायला आली होती. कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘पोरी नऊ शेत.’

कुंदननं मान वर केली. ‘कुठल्या पोरी, आजी?’

‘मी आंग धोयेल शे त्यासनं. नऊ. हाई बाई आठे उनी, तवयपासून.’ माझ्याकडं बोट दाखवून तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. कुणाची पोर, कुठून दिली, कितव्या वर्षी, अंगावर कुठं काय होतं. मी प्रत्येक नाव ओळखत होते. कारण प्रत्येक नाव माझ्याच रजिस्टरात, माझ्याच अक्षरात होतं. विषारी औषध चुकून पोटात गेले. स्टोव्हचा भडका. विहिरीत पाय घसरून. आणि शेततळ्यातली ती एक सोडली तर प्रत्येकीपुढं वय एकोणीस, एखादीपुढं वीस.

कुंदन टॅबवर बोट फिरवत होता. मग ओशाळून म्हणाला, ‘आजी, यातल्या आठ जणी मला घेता येत नाहीत. कागदावर एकोणीस आहे ना. अठराच्या वर वय टाकलं की पुढचं पानच उघडत नाही.’

खरं होतं. त्यानं मला टॅब दाखवला. एकोणीस लिहिलं की लाल अक्षरात येत होतं, ही व्यक्ती अभ्यासास पात्र नाही. मरूनसुद्धा पोरी पात्र ठरत नव्हत्या. मी हसले. राग आला की मला हसू येतं, वाईट खोड आहे.

तरी त्या मुलानं एक चांगलं केलं. टॅब बाजूला ठेवला आणि भिकुबाईला विचारलं, ‘आजी, तुम्हीच सांगा. कोण मरतं?’

भिकुबाईनं मिश्री थुंकली. ‘जिना बाप नही ती मरस. तिसरी-चौथी पोर व्हयनी ती मरस. सातवी-आठवीमा शाळा सुटनी ती मरस. जिनं माहेर लांब शे ती मरस. दोन दांडगा भाऊ शेत, माहेर पायवाटवर शे, तिले कोनी हात लावस नही.’

‘आणि मुलगे?’

‘पोऱ्याभी मरतस. ट्रॅक्टरवर, फटफटीवर, नदीमा. पन पोऱ्या मरना का बठ्ठं गाव गोया व्हस, पोलीस येस, कागद व्हस. पोर मरनी का लाकडं गोया व्हतस.’

कुंदननं हे सगळं एका साध्या वहीत उतरवून घेतलं. त्यांचा अभ्यास पुढं कुठं छापून आला का, मला माहीत नाही. इतकं माहीत आहे की हजारो घरांची माहिती गोळा करून ती मुलं जे शोधायला निघाली होती, ते एका निरक्षर बाईनं मिश्री लावता लावता सांगून टाकलं होतं. आणि मी, बारावी सायन्स, नर्सिंग कोर्स, अकरा वर्षांची नोकरी, बाजूला उभी राहून ऐकत होते. ऐकून मी सुधारले असेन असं तुम्हाला वाटत असेल तर पुढं वाचा.

सप्टेंबरात, लसीकरणाच्या दिवशी, भिकुबाई एका पोरीला हाताला धरून माझ्याकडं घेऊन आली. मागून तिची सासू फणफणत येत होती. पोरीचं नाव दिपमाला. जळगावच्या पिंप्राळ्याची. बाप नाही, आई भागाबाई कॉलनीतल्या चार घरची धुणीभांडी करते, तीन बहिणींत ही दुसरी. वैशाखात आमच्या गावच्या जीवरामच्या मुलाला, प्रेमराजला दिलेली. जीवराम म्हणजे पंधरा एकर बागायत, आणि पोलीस पाटील त्याचा सख्खा चुलतभाऊ. भिकुबाई त्यांच्याच शेतात कामाला जायची, तिथं तिनं या पोरीला पाहिलं होतं.

मी कार्ड काढलं आणि विचारलं, वय किती?

‘पंधरा, बाई. नववीत जाणार होते,’ दिपमाला म्हणाली. शहरात वाढलेली, बोलणं स्वच्छ. सासूनं लगेच तिच्या पाठीत कोपर मारलं आणि आधारकार्ड पुढं केलं. जन्म एक जानेवारी. ज्यांची खरी तारीख लपवायची असते ते सगळे आमच्याकडे एक जानेवारीला जन्मतात. हिशोबानं वय एकोणीस.

तिला तिसरा महिना होता. दंडावर हिरवानिळा डाग होता. मी विचारलं तर म्हणाली, म्हशीनं ढुशी मारली.

भिकुबाई मधेच बोलली, ‘यासना घर म्हैस नही शे. दोन शेया शेत.’ दोन शेळ्या. शेळीची ढुशी दंडापर्यंत पोचत नाही, हे मलाही कळत होतं.

सासू बाहेर गेल्यावर भिकुबाई माझ्या टेबलावर वाकली. ‘पंधरा लिख.’

मी तिला समजावलं. अगदी शांतपणे समजावलं, नर्सबाईच्या आवाजात. म्हटलं, भिकुअक्का, अठराच्या आतलं वय लिहिलं तर मला पोलिसांना कळवावं लागतं. कळवलं की केस होते. केस झाली की उद्यापासून सासू हिला इथं पाठवणार नाही. मग ना तपासणी, ना गोळ्या, घरीच बाळंतपण, त्यात काही झालं तर? निदान गोळ्या तरी मिळू दे पोरीला.

हे कारण आम्ही सगळ्याजणी सांगतो. मीटिंगमध्ये चहा पिताना एकमेकींना सांगतो. ते पूर्ण खोटं नाही, म्हणून तर इतकं कामाला येतं. खरं कारण दुसरं आहे. केस झाली की जीवरामची माणसं माझ्या दारात येणार, साहेब मला विचारणार तुम्हालाच कसं दिसलं, साक्षीला कोर्टाच्या चकरा होणार, आणि बदली कुठंतरी अक्कलकुव्याच्या डोंगरात. माझी मुलगी धुळ्याला अकरावीत आहे. तिची शाळा मी कधी सुटू दिली नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या वयापुढं मी एकोणीस लिहिलं.

भिकुबाई बराच वेळ माझ्या पेनाकडं बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण आकडा येतो. ‘गोया खाईसन जगस का ती?’ एवढंच बोलली आणि गुडघा धरून उठली.

जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊ वाजता जीवरामचा माणूस मला बोलवायला आला. सून मोटार चालू करायला विहिरीवर गेली होती, पोटुशी असल्यानं चक्कर आली, पडली. तुम्ही या आणि चक्करचं लिहून द्या, अशी अपेक्षा होती. मी गेले. ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसलेली, अंगणात लाकडाची ट्रॉली येऊन उभी. इतकी तयारी इतक्या सकाळी? माहेरी कळवलं का, असं मी विचारलं. पोलीस पाटील म्हणाला, ‘कळवलं ना. तब्येत सिरीयस आहे म्हणून सांगितलंय. बाईमाणूस आहे, एकदम कसं सांगायचं?’ त्याला स्वतःच्या दयाळूपणाचं फार कौतुक वाटत होतं.

भिकुबाई आतल्या खोलीत पोचली होती. तिनं मला आत घेतलं, सासूला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि कडी लावली.

दिपमाला जमिनीवर चटईवर होती. केस ओले, साडी ओली, खाली पाण्याचं थारोळं. भिकुबाईनं नेहमीसारखं बोलणं सुरू केलं नाही. तिनं ओल्या साडीच्या निऱ्या बाजूला केल्या, परकराच्या नाड्याला हात घातला, आणि थांबली. मग माझं मनगट पकडून माझी बोटं त्या गाठीवर टेकवली.

गाठ कोरडी होती. नाडा कोरडा, कमरेचा नेफा कोरडा. ब्लाऊजच्या काखेत कापड कोरडं.

‘मी इहीरमाईन काढेल सात बाया धोयेल शेत,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘नाडं फुगी जास. गाठ सुटत नही, दातखाल धरनी पडस. हाई पोर इहीर देखेल नही. तिनावर बादली वती दिन्ही यासनी.’

मग तिनं मानेवरचे केस सरकवले. तिथं जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. डॉक्टरांच्या कागदावर ते आलेलं आहे.

भांडण कशावरून झालं, याची घरातली तीन माणसं आजही तीन कारणं सांगतात. ती संक्रांतीला माहेरी जायचं म्हणत होती, हे तिन्हींत आहे.

भिकुबाईनं कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली, वाकडा पाय आडवा पसरून. जीवराम म्हणाला, चल उरक, ऊन चढतंय. ती म्हणाली, ‘माहेरनं लुगडं उनं का पानी.’

जीवरामनं पिशवीतून नवी हिरवी साडी काढली.

‘हाई तुनं लुगडं शे.’

‘माहेरचं समज.’

‘मी कसाले समजू? तिनी माय समजी.’

ओट्यावरची माणसं चुळबुळ करायला लागली. पोलिसाला फोन करायची कुणाची छाती नव्हती, पण रीत मोडा म्हणायलाही कुणाची जीभ उचलेना. एक म्हातारे आबा तर म्हणाले, बाई बरोबर बोलते, माहेरच्यांना येऊ द्या. मला त्या आबांचाही राग आला. पोर मारली तर चालते, लुगड्याची रीत मोडलेली चालत नाही! पण भिकुबाईला गाव पुरतं ठाऊक होतं. या माणसांना जे एकच भय आहे, तेच तिनं दारात आडवं घातलं होतं.

जीवरामनं दुसरी बाई बोलावली, वना न्हाव्याची बायको. ती दारापर्यंत आली, भिकुबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि पदर सावरून आल्या पावली परत गेली. मग पोलीस पाटील भिकुबाईवर ओरडला, तुला पाय धरून बाहेर फेकू का? ती म्हणाली, फेक. सगळ्या गावासमोर म्हातारीला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, बीपीचं मशीन घेऊन येते, आणि निसटले. उपकेंद्रात येऊन दार लावून घेतलं. कार्डावर भागाबाईचा नंबर होता. मी तिला खरं सांगितलं. फोनवर भांडं पडल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, लगेच निघा, इथं एक बाई कुणाला हात लावू देत नाहीये, पण ती किती वेळ टिकेल सांगता येत नाही. मग पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावायचा होता. त्याला मला वीस मिनिटं लागली. नंबर तीन आकडी आहे. शेवटी लावला आणि माझं नाव सांगितलं नाही.

पोलीस बारा वाजता आले आणि अंगणात खुर्च्यांवर बसले. भागाबाई दीड वाजता पोचली. शेजारच्या खाजाभाईनं आपली व्हॅन काढली होती, सोबत त्याची बायको साबेरा होती. भागाबाईच्या अंगावर कामाचा गाऊन, त्यावर ओढणी, हाताला भांड्याच्या साबणाचा वास. लुगडं तिनं आणलेलं नव्हतंच. कुठून आणणार? जीवरामला तेवढंच निमित्त मिळालं. तो ओरडला, लुगडं कुठंय? घाल आता हेच.

भिकुबाईनं पाय आखडता घेतला आणि वाट दिली. ‘लुगडं ऱ्हाऊ दे. माय उनी.’ भागाबाईला आत घेतलं, आणि जे तिला स्वतःला तीस वर्षांपूर्वी शिरपूरपलीकडे कुणी बघू दिलं नव्हतं, ते सगळं तिनं या बाईला दाखवलं. नाडा, मान, दंड, सगळं. आतून जो आवाज आला त्यानं खुर्चीतले दोन्ही पोलीस उठून उभे राहिले.

त्यानंतर सगळं कायद्यानं सुरू झालं. लग्नाला सात वर्षं झालेली नव्हती म्हणून तहसीलदार आले, पंचनामा लिहायला बसले. मृताचं नाव. मग वय. जीवरामनं आधारकार्ड पुढं केलं.

‘एकोणीस,’ तहसीलदारांनी वाचलं. मग आईकडं बघितलं. ‘बरोबर?’

भागाबाईनं मान खाली घातली. तिला कळत होतं. आधार बदलायला तीच घेऊन गेली होती, लग्नात अक्षता तिनंच टाकल्या होत्या. पंधरा म्हटलं तर तिच्यावरही केस होती, आणि घरी अजून एक धाकटी होती. ती पुटपुटली, ‘एकोणीस.’

‘पंधरा,’ उंबऱ्यातून भिकुबाई म्हणाली.

‘पुरावा आहे का, आजी?’

भिकुबाईनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तहसीलदार म्हणाले, सिस्टर, गरोदर होती ना, तुमच्याकडं नोंद असेल. मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते. त्यात एकोणीस लिहिलेलं होतं. ते उघडून दाखवलं असतं तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. कागद बोलला असता, मी घरी गेले असते. एका पोरीचा खून मग एका सज्ञान विवाहितेचा खून झाला असता, आणि ती पंधरा वर्षांची कुणाची तरी लेक होती ही गोष्ट त्याच दिवशी लाकडांबरोबर जळाली असती. आधीच्या आठ जणींची जळाली होती तशी.

मी म्हटलं, ‘पंधरा. मला तिनं स्वतः सांगितलं होतं. रजिस्टरात एकोणीस मी लिहिलंय. तिच्या शाळेचा दाखला पिंप्राळ्यात मिळेल.’

तहसीलदारांनी पेन थांबवलं, मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहिलं.

प्रेमराज आत आहे. जीवराम सतरा दिवसांनी जामिनावर बाहेर आला, पारावर बसतो, लोक त्याला रामराम करतात. भागाबाईवरही गुन्हा लागला. मला खुलासा मागणारी नोटीस आली, चौकशी चालू आहे, नोकरी राहते की जाते माहीत नाही. काही लोक मला म्हणाले, ताई, तुम्ही फार मोठं धाडस केलं. धुळ्याच्या एका संस्थेनं तर सत्काराला बोलावलं. मी गेले नाही. कारण दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्यात जे झालं, ते त्यांना माहीत नव्हतं.

धुळ्याला शवविच्छेदन झालं, आणि भागाबाई म्हणाली, मी तिला त्या गावात जाळणार नाही, माझ्या घरी नेणार. भिकुबाई शववाहिकेत दिपमालाच्या शेजारी बसून जळगावला आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठल्या मेलेल्या पोरीबरोबर माहेरापर्यंत गेली होती. मीही खाजाभाईच्या व्हॅनमधून गेले. वाटलं, आता मला तेवढा हक्क आहे.

भागाबाईची दहा बाय दहाची खोली. गल्लीतल्या बायकांनी वर्गणी काढून मोरपंखी साडी आणली होती, साबेरानं बादलीत कोमट पाणी काढलं होतं. भिकुबाईनं पुरुषांना बाहेर काढलं, मग रडणाऱ्या बायकांना. आत ती, भागाबाई आणि दिपमालाची धाकटी बहीण राहिल्या. मी पदर खोचला, तांब्या उचलला आणि म्हटलं, ‘अक्का, पाणी मी घालते.’

तिनं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. हिसकावला नाही, नुसता काढून घेतला.

‘तू भाईर थांब.’

मी म्हटलं, ‘अक्का, मी खरं सांगितलं ना काल?’

‘हां, सांगं तू,’ ती म्हणाली. ‘चांगलं करं. पन मी तुले ती जित्ती व्हती तवय दखाडी व्हती.’

आणि तिनं दार लावून घेतलं.